बंपस्टॉपची उंची आणि एक दुखरी पाठ

ज्या गाडीचा प्रत्येक सुटा भाग तपासून योग्य ठरला आहे, ती गाडी खड्ड्यात गेल्यावर आत बसलेल्या माणसाच्या पाठीत धक्का का मारते, या प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे होते. प्रश्न माझ्या प्रांतातला नव्हता. मी आकुर्डीच्या एका शाळेत सकाळच्या सत्रात विज्ञान आणि भूमिती शिकवते. गाडीखाली आडवे पडून पाने फिरवणारी माणसे माझ्या घरी भरपूर आहेत, आणि त्यांच्या कामात लक्ष घालायची हौस मला कधीच नव्हती. तरीही लक्ष घालावे लागले, कारण ती पाठ माझ्या पतीची होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले की गाडीत बसायला हरकत नाही, पण खालून वर येणारा जोराचा धक्का बसता कामा नये. ती जागा पुन्हा बिघडली तर पुन्हा उघडावी लागेल, आणि दुसऱ्या वेळी निकाल पहिल्यासारखा येईलच असे नाही. वाक्य एकच होते. माझ्या लक्षात राहिला त्यातला धक्का, आणि माझ्या पतींच्या लक्षात राहिले ते एवढेच, की गाडीत बसायला हरकत नाही.

गाडी म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी एक जुनी पिकअप. तिघांच्या मालकीची. पहिले माझे पती, ज्यांची सगळी नोकरी दुचाकीच्या कारखान्यात जुळणीच्या लाइनवर गेली आणि ज्यांनी पाठीमुळे मुदतीआधी निवृत्ती घेतली. दुसरे त्यांचे बालमित्र, मोशीच्या जुन्या घरातले, भोसरीत रबराचे साचेकाम करणारे छोटे वर्कशॉप चालवणारे. तिसरे लातूरकडून आलेले, चाकणच्या एका कंपनीत वेल्डिंग विभागात असलेले. या दोघांना मी भाऊजी म्हणते. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे दर गुरुवारी आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत हे तिघे आणि ती गाडी, असे एक नियमित अधिवेशन भरते. थंडीत ते मावळच्या डोंगरात, रस्ता संपतो त्याच्याही पुढे, दगडांतून गाडी घेऊन जातात. शस्त्रक्रियेनंतर पती स्वतः चालवत नाहीत. ते डावीकडे बसून पुढची वाट वाचतात आणि चाक कुठल्या दगडावर ठेवायचे ते सांगतात. त्यांच्याइतकी वाट कोणालाच वाचता येत नाही, असे बाकी दोघे म्हणतात. मला ते खरे वाटते, आणि म्हणूनच ते घरी बसतील अशी आशा मी कधी केली नाही.

या वर्षीच्या सहलीसाठी गाडी उंच करायचे ठरले. मोठे टायर, पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये एकेक जादा पाटा, लांब शॉकअप आणि नवे बंपस्टॉप. कामे वाटून घेण्यात आली. शॉकअप निवडून आणायचे ते माझ्या पतींनी, बंपस्टॉपचे रबर ओतायचे ते भोसरीच्या भाऊजींनी, आणि सगळ्यांना धरून ठेवणारी लोखंडी बसवणी करायची ती लातूरच्या भाऊजींनी. एका गुरुवारी मी शाळेतून आले तेव्हा काम संपलेले होते आणि प्रत्येक भागावर एक हिरवे गोल लेबल चिकटवलेले होते. कारखान्यात तपासणी झालेल्या नगावर तसे लावतात. गाडी पास झाली होती.

येथे थोडे थांबून हे भाग काय करतात ते समजून घेऊ, म्हणजे पुढचा मनस्ताप नीट कळेल. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. स्प्रिंग एकदा दबली की वरखाली नाचत राहते. तो नाच शॉकअप थांबवतो. शॉकअप म्हणजे तेल भरलेली एक नळी आणि तिच्यात आतबाहेर सरकणारा दांडा. हा दांडा आत जाण्यालाही एक शेवट आहे. त्या शेवटापर्यंत तो ढकलला गेला तर लोखंडावर लोखंड आदळते, आणि तो घाव सरळ गाडीच्या सांगाड्यात, तिथून आसनात आणि आसनातून मणक्यात जातो. हे होऊ नये म्हणून दोन चाकांना जोडणाऱ्या धुऱ्याच्या वर, सांगाड्याला, रबराचा एक ठोकळा लावलेला असतो. धुरा वर आला की आधी त्या रबराला टेकतो आणि तिथेच थोपवला जातो. हाच बंपस्टॉप.

घरातले उदाहरण घ्या. दाराच्या मागे, फरशीवर, रबराचा एक गुटका बसवलेला असतो. दार उघडले की ते गुटक्यावर थांबते आणि दाराची मूठ भिंतीला लागत नाही. आता कोणी दाराला जरा लांब मूठ बसवली आणि गुटका होता तसाच ठेवला, तर पहिल्याच दिवशी भिंतीचा गिलावा निघेल. मूठ उत्तम असेल आणि गुटकाही उत्तम असेल, तरीही निघेल. आधी काय टेकते, हाच सगळा प्रश्न आहे.

पहिल्या फेरीला मी मागच्या आसनावर बसले होते. आमच्या भागात नव्या इमारतींइतकेच नवे खड्डे आहेत. नळासाठी रस्ता खणतात, भरतात, आणि भरलेला भाग खचला की दुसऱ्या कोणाला तरी खणायची आठवण होते. अशाच एका खचलेल्या पट्ट्यावरून गाडी गेली आणि पुढून एक कोरडा, आखूड आवाज आला. हातोडा ऐरणीवर पडावा तसा. पुढचा गतिरोधक यायच्या आधीच माझ्या पतींनी दोन्ही तळहात आसनावर दाबून शरीर किंचित वर उचलून धरले. हे मी पाहिले. घरी आल्यावर विचारले, तर म्हणाले की सवय आहे.

त्यानंतरच्या काही गुरुवारी जे झाले ते आठवले की आजही माझे डोके तापते. आवाज आहे, हे सगळ्यांना मान्य होते. तो का आहे, याची कारणे मात्र दर आठवड्याला नवी निघत. आधी ठरले की शॉकअप नवे आहेत, वापराने बसतील. मग ठरले की टायरमध्ये हवा जास्त आहे. ती कमी केली. आवाज राहिला. मग मागे वाळूची पोती ठेवली, कारण रिकामी गाडी उडते. पोत्यांच्या वजनाने आवाज वाढला, तेव्हा पोती खाली उतरवून असा निष्कर्ष काढला की वाळू ओली होती. शेवटी लातूरच्या भाऊजींनी माझ्या पतींच्या आसनासाठी जाड फोमची गादी आणली. म्हणजे दुखणे आहे हे ओळखले होते, पण उपाय रोग्याच्या अंगाखाली ठेवला होता. वर्गात एखाद्या मुलाचे उत्तर चुकले की मी त्याला पायऱ्या दाखवायला सांगते. इथे पायऱ्याच नव्हत्या. उत्तरामागून उत्तर येत होते, आणि एका वेळी दोन गोष्टी बदलल्यामुळे कशाने काय झाले हेही कळत नव्हते. मी हे बोलून दाखवले, तेव्हा पती म्हणाले, “बाई, शाळा सुटली ना?” आणि तिघेही हसले.

मग मी काही न उघडता करता येईल असा एक प्रयोग केला. वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या आणल्या आणि चारही शॉकअपच्या दांड्यांवर, नळीच्या अगदी तोंडाशी, एकेक बांधली. घट्ट नाही आणि सैलही नाही. ढकलली तर सरकेल पण आपोआप सरकणार नाही इतपत. दांडा आत जाईल तशी नळी त्या पट्टीला पुढे ढकलेल, आणि दांडा बाहेर आल्यावरही पट्टी ढकलल्या जागीच राहील. म्हणजे दांडा जास्तीत जास्त किती आत गेला होता, ते ती सांगेल. बंपस्टॉपच्या टोकाला हस्तकलेच्या तासाची रंगीत माती लावली. धुरा रबराला टेकला तर माती चपटी होणार. टेकला नाही तर जशी आहे तशी राहणार.

इंद्रायणीकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावरून भोसरीचे भाऊजी गाडी फिरवून आले. मी वाकून पाहिले. पुढच्या दोन्ही पट्ट्या दांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन चिकटल्या होत्या. माती तशीच होती, तिच्यावर माझ्या बोटांचे ठसेसुद्धा तसेच. याचा अर्थ शॉकअप पूर्ण आत जाऊन आदळत होता आणि बंपस्टॉपला धुऱ्याचा स्पर्शही होत नव्हता. मूठ भिंतीला लागत होती आणि गुटका नुसता बघत बसला होता.

मला वाटले, विषय संपला. इतका स्वच्छ निकाल मला शाळेच्या प्रयोगशाळेतही क्वचित मिळतो. पण लातूरचे भाऊजी म्हणाले की पट्टी चिखलाने सरकली असेल. रस्त्याला चिखल नव्हता. भोसरीच्या भाऊजींना तर वाईटच वाटले. त्यांनी खिशातून व्हर्नियर काढले, बंपस्टॉप मोजला, पेटीतून जुना नमुना काढून तोही मोजला आणि दोन्ही आकडे माझ्यापुढे धरले.

“वहिनी, नमुना जसा दिला तसाच हाय. केसाचा फरक न्हाई. माजा रबर पास हाय.”

रबर नमुन्यासारखेच होते, यात शंका नव्हती. आमच्या पट्ट्यातली असंख्य छोटी वर्कशॉप अशीच चालतात. गिऱ्हाईक एक जुना नग आणून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, असाच करून द्या. करणारा तो हुबेहूब करून देतो आणि त्यातच त्याची इभ्रत असते. नग असाच का, हे विचारायची पद्धत नाही. विचारले तर गिऱ्हाईकाला ते आगाऊपणाचे वाटते. पण शेजारच्या मुलाची वही बघून उत्तर अचूक उतरवले, तर अचूक काय असते? उतरवणे. शेजारच्याचे उत्तर बरोबर होते का, हे कोणीतरी पाहायला हवे ना?

मी म्हटले की स्प्रिंग सोडवा, धुरा जॅकने पूर्ण वर आणा आणि काय आधी टेकते ते डोळ्यांनी बघा. यावर जे झाले ते समजायला मला वेळ लागला. तिघांपैकी कोणालाही काम अवघड वाटत नव्हते. त्यांना ते अयोग्य वाटत होते.

“पास झालेला माल कामून उघडायलात वहिनी?” लातूरच्या भाऊजींनी विचारले.

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितले. लाइनवर प्रत्येक जण आपल्यापुरते काम करतो, तपासतो आणि नग पुढे सोडतो. पास झालेला नग मागच्याने पुन्हा उघडायचा नसतो. पुढच्या विभागाकडून किंवा गिऱ्हाईकाकडून तक्रार आली तरच उघडायचा, आणि मग तो ज्याच्या हातचा असेल त्याच्या नावावर दोष चढतो. तक्रार नसताना उघडणे म्हणजे त्या माणसावर उगाच संशय घेणे. मी म्हटले, ठीक आहे, माझी तक्रार आहे. ते मऊपणाने म्हणाले की मी गिऱ्हाईक नाही. आसनावर जो बसतो तो गिऱ्हाईक.

दोन्ही भाऊजींनी आणि मी माझ्या पतींकडे पाहिले. ते हातातल्या चहाच्या कपाकडे पाहत म्हणाले, “मला काही त्रास नाही.”

मी तिथून निघून आले. राग कोणावर धरावा हेच कळत नव्हते. त्रास होता, आणि तो मला रोज दिसत होता. ते बुटांच्या नाड्या बांधण्याऐवजी चपला घालून बाहेर पडू लागले होते. जमिनीवर पडलेले वर्तमानपत्र पायाच्या बोटांनी उचलत होते. जेवण झाल्यावर बसायचे सोडून उभे राहत आणि उभे राहिल्याने अन्न पचते असे मला सांगत. विज्ञानाच्या शिक्षिकेला असे सांगायला बरेच धाडस लागते.

ते का बोलत नव्हते, हेही मला ठाऊक होते. कारखान्यात त्यांची ख्याती अशी, की मागून एखादा खराब नग आला तर ते लाल चिठ्ठी लावत नसत. स्वतःची कानस काढून दोन हात मारत, नग बसता करत आणि पुढे सोडत. मागच्या माणसाच्या नावावर दोष जाऊ देत नसत. निरोपाच्या दिवशी याच गोष्टीसाठी त्यांचे कौतुक झाले होते, आणि मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आता ते तेच करत होते; फक्त या वेळी कानस चालत होती ती त्यांच्या मणक्यावर. यातला चांगुलपणा मला दिसत होता, आणि त्यामुळेच चिडचिड अधिक होत होती. वाईटपणावर ओरडता तरी येते.

सहल जवळ आली. त्याआधीच्या एका गुरुवारी मी शाळेतून परत आले तेव्हा तिघे शेवटच्या चाचणीसाठी निघत होते. इंजिन सुरू होते. भोसरीचे भाऊजी चालवायला बसले होते, लातूरचे मागे. माझ्या पतींनी दार धरले आणि एक पाय पायरीवर ठेवला. गाडी आता उंच झाली होती. दुसरा पाय उचलायचा होता, तो उचलला गेला नाही. ते तसेच उभे राहिले, एक पाय वर, एक पाय खाली, आणि दारावरची बोटे पांढरी पडलेली.

“चला राव, ऊन चढायलंय,” मागून आवाज आला.

त्यांनी वरचा पाय खाली घेतला. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, “लागतंय. दर खड्ड्याला लागतंय मला. तक्रार माझी आहे.”

भोसरीच्या भाऊजींनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले. उतरून ते गाडीला वळसा घालून आले.

“कवापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आन मग बोलला का न्हाईस भावा?”

“तुझा रबर होता.”

लातूरचे भाऊजी मागून उतरले आणि सरळ जॅक आणायला गेले. ज्या कामासाठी मी इतके गुरुवार घसा कोरडा केला होता, ते काम आता एक शब्दही न बोलता सुरू झाले. मला समाधान वाटायला हवे होते. मला फक्त दमल्यासारखे झाले. मी पतींसाठी खुर्ची आणली आणि त्यांना तिच्यात बसवले, आणि त्या दिवशी त्यांनी पान्याला हात लावायचा नाही एवढे एक ठरवून टाकले.

काम असे केले. गाडीचा सांगाडा भक्कम घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या लोखंडी तिवयांवर, टेकवला. जॅकवर टेकवून गाडीखाली जायचे नाही, हे येथे मुद्दाम सांगते. पाट्यांची स्प्रिंग सोडवून फक्त मुख्य पाटा ठेवला, म्हणजे धुरा जागचा हलत नाही पण कमी ताकदीत वर येतो. बंपस्टॉपचे रबर काढले आणि त्याच्या जागी लाकडाचा ठोकळा लावला. मी ठोकळा रबराच्या पूर्ण उंचीचा धरला होता. भोसरीच्या भाऊजींनी तो कापून जवळपास निम्मा केला, कारण भरल्या गाडीचा दणका बसला की त्यांचे रबर तेवढे दबते. हे बरोबर होते. रबर दबल्यानंतरही शॉकअपला जागा उरली पाहिजे, नुसते टेकताना उरून उपयोग नाही. मग धुरा जॅकने हळूहळू वर घेतला. ठोकळा आणि धुरा यांच्यात दोन बोटे अंतर असतानाच शॉकअपचा दांडा पूर्ण आत गेला आणि जॅक पुढे हलेना. दोन्ही भाऊजींनी आणि मी आळीपाळीने वाकून ती दोन बोटे पाहिली.

यानंतर दोष कोणाचा यावर चर्चा सुरू झाली. नमुना कोणी दिला? माझ्या पतींनी, उजवीकडचा जुना बंपस्टॉप सोडवून. उजवीकडचा का? हात सहज पोचला म्हणून. डावीकडचा जुना पेटीच्या तळाशी होता. तो काढून दोन्ही शेजारी उभे केले, तर उजवा स्पष्ट बुटका. चालक उजवीकडे बसतो, डिझेलची टाकीही त्याच अंगाला, म्हणून वर्षानुवर्षे दबून तो बसका झाला होता. त्या बसक्या नमुन्याच्या केसाचाही फरक नसलेल्या चार नकला भोसरीत तयार झाल्या होत्या. पण तेवढेच नव्हते. लांब शॉकअप पूर्ण उघडला की लांब असतो, तसा पूर्ण मिटला तरी जुन्यापेक्षा लांबच राहतो. आणताना माझ्या पतींनी त्याची उघडलेली लांबी पाहिली होती, मिटलेली नाही. आणि वेल्डिंगची बसवणी दोघांनी दिलेल्या मापांना तंतोतंत जुळवलेली होती. तिघांचेही काम निर्दोष होते आणि तिघांच्या मधली जागा कोणाचीच नव्हती. हे मी एका वाक्यात सांगितले. तरी चर्चा चालूच राहिली. तेवढ्या वेळात चारही ठोकळे बदलून झाले असते.

शेवटी सांगाडा आणि रबर यांच्यामध्ये लोखंडी तुकडा देऊन बंपस्टॉप खाली आणायचे ठरले. आणि येथे त्यांनी मला पुन्हा एकदा रडकुंडीला आणले. ज्या ठामपणे उघडायला नकार दिला होता, त्याच ठामपणे आता इतका जाड तुकडा लावला की माणसे बसल्यावर धुरा जवळजवळ रबराला टेकूनच राहिला. त्यामुळे प्रत्येक बारीक दगड जाणवू लागला. बंपस्टॉप बुटका असला तर शॉकअप आदळतो; उंच असला तर स्प्रिंगला काम करायला जागाच उरत नाही आणि गाडी रबरावर चालते. दोन्हींच्या मधली उंची शोधायची, तर गाडी जशी चालणार तशी भरून मोजायला हवी: तिघे आत, मागे पाण्याचे कॅन, जादा चाक, सगळे. त्यांनी मोजली होती रिकामी, सपाट फरशीवर. मी सामान भरायला लावले. कुरकुर झाली, पण भरले. तुकडा कमी केला. आता पूर्ण दबलेल्या स्थितीत दांड्याला एक बोट जागा उरत होती, आणि भरल्या गाडीतही धुरा रबरापासून पुरेसा दूर होता.

मग एक चाक वर आणि दुसरे खाली अशा तिरक्या स्थितीत पाहिले, कारण डोंगरात दोन्ही चाके एकदम वर येत नाहीत. मोठा टायर आतून मडगार्डला घासत होता. पत्रा कापावा लागला. चाक पूर्ण लोंबकळू दिले, तर ब्रेकची नळी ताणली जात होती आणि धुऱ्याचे सगळे वजन शॉकअपला लटकत होते. लांब नळी आणि आवरून धरणारा एक जाड पट्टा, ही कामे पुढच्या गुरुवारी झाली.

नव्या पट्ट्या, नवी माती, तोच नदीकडचा रस्ता. मी मागे बसले. वाटेतल्या त्या खचलेल्या जागी या वेळी धप्प असा मऊ आवाज आला. माती चपटी झाली होती आणि पट्टी टोकापासून बोटभर अलीकडे थांबली होती. मी पतींना विचारले. तोंडदेखले उत्तर नको, असे बजावूनच विचारले. ते थोडा वेळ खरोखर विचार करत बसले, आणि म्हणाले, “आवाज आला. पाठीपर्यंत नाही आला.”

ते सहलीला गेले आणि परत आल्यावर गाडीतून उतरून स्वतःच्या पायांनी घरात चालत आले. नंतर डॉक्टरांनी तपासले. जुनी जागा जशी होती तशी आहे, नवे काही बिघडलेले नाही, असे सांगितले. अधिक काही मला नको होते.

आता मूळ प्रश्न. भाग योग्य असूनही गाडी धक्का मारत होती, कारण बंपस्टॉप आणि शॉकअप यांची एकमेकांशी तुलना कोणी केलीच नव्हती. हे माझे उत्तर आहे. पण ते पूर्ण सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही, आणि ज्या चुकीबद्दल मी त्या तिघांवर चिडत राहिले तीच अखेरीस माझ्या प्रयोगातही आहे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. बंपस्टॉपची उंची बदलली, आणि त्याच सुमारास माझ्या पतींनी दुखते असे तोंडाने सांगितले. तेव्हापासून भोसरीचे भाऊजी प्रत्येक खड्ड्यापाशी वेग इतका कमी करतात की मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, आणि मागून लातूरचे भाऊजी दर थोड्या वेळाने विचारतात, लागलं का. पाठ वाचली ती किती रबराने आणि किती त्या सांगण्याने, हे माझ्या मातीला आणि पट्टीला वेगळे करता येत नाही. वेग पूर्वीचा ठेवून पुन्हा चाचणी घ्यावी, असे मी सुचवले होते. तिघांनीही नकार दिला, आणि या एका नकारावर मी वाद घातला नाही.

शिवाय हे सगळे एकाच गाडीचे आहे. तुमचे पाटे, टायर, सामान आणि बसणारी माणसे वेगळी असतील, तेव्हा माझी दोन बोटे आणि एक बोट तुमच्या गाडीला लावू नयेत. स्प्रिंग सोडवावी, सांगाडा घोड्यांवर ठेवावा, रबर दबल्यावर जेवढे उरते तेवढा लाकडी ठोकळा लावावा आणि धुरा वर घेऊन आधी काय टेकते ते पाहावे. गाडी भरून पुन्हा मोजावे. आत बसणाऱ्याला विचारावे. माझे काही चुकले असण्याची शक्यता आहे. कृपया स्वतः तपासून पाहा.